रस्त्यावरील मृतगणना

शिरगणती म्हटली म्हणजे ती जिवंतांचीच, अशी आपली सहज समजूत असते. परंतु रानांतील जनावरें गणना करणाऱ्यापुढें येऊन उभीं राहत नाहींत. त्यांतील बरींचशीं रात्रीं हिंडणारीं आणि मनुष्याची चाहूल लागतांच दडणारीं. मग त्यांची संख्या वाढते आहे कीं घटते आहे, हें समजावें कसें? गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नाचें एक चमत्कारिक उत्तर पुढें आलें. तें असें कीं, मोटारीखालीं सांपडून मेलेलीं जनावरें मोजावीं आणि त्यांवरून जिवंतांचा अंदाज बांधावा.

या कथेचा आरंभ अमेरिकेंतील आयोवा संस्थानांत होतो. १९२४ च्या जून महिन्यांत डेटन स्टोनर हे प्राणिशास्त्रज्ञ पत्नीसह मोटारीनें आयोवा सिटीहून वायव्येकडील एका सरोवराकांठच्या प्रयोगशाळेकडे निघाले. वाटेंत चिरडलेलीं जनावरें दिसूं लागलीं, तीं त्यांनीं टिपून ठेविलीं. जाऊन येऊन ६३२ मैलांचा प्रवास झाला आणि २९ जातींच्या २२५ मृत प्राण्यांची नोंद झाली. पुढील वर्षीं 'सायन्स' या नियतकालिकांत त्यांनीं हा हिशेब प्रसिद्ध केला. मात्र त्यांची चिंता मोटारीनें घेतलेल्या बळींपुरती होती.

मेलेल्यांवरून जिवंतांचें अनुमान काढण्याचा विचार पुढें आणखी दृढ झाला. विस्कॉन्सिन संस्थानांतील हरणांविषयीं लॉरेन्स जान यांनीं १९५९ सालीं व कीथ मॅककॅफरी यांनीं १९७३ सालीं असें लेख लिहिले. हरणें वाढलीं कीं अपघातही वाढावेत, हा त्यांमागील साधा तर्क. मात्र त्याला एक अट आहे. रस्त्यावरील वाहनेंच दुप्पट झालीं, तर हरणें होतीं तितकींच राहूनही बळी वाढतील. म्हणून मृतांचा आंकडा रहदारीशीं ताडूनच वाचावा लागतो.

एवढ्यानें तरी साक्ष निर्दोष होते काय? कॅनडांतील ओटावा शहराच्या आसपास लेनोर फारिग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बेडकांची पाहणी केली. ती १९९५ सालीं प्रसिद्ध झाली. जेथें रहदारी अधिक, तेथें मेलेले बेडूक कमी आढळले! कारण उघड होतें. त्या रस्त्यांलगत मरावयास बेडूकच फारसे उरले नव्हते.

याच्या अगदीं उलट प्रकार नेब्रास्कांत घडला. तेथील पाकोळ्या पुलांखालीं मातीचीं घरटीं बांधतात. चार्ल्स व मेरी ब्राउन या दांपत्यानें त्याच त्या रस्त्यांवर तीस वर्षें मृत पाकोळ्या वेंचल्या. त्यांचा निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. मेलेल्या पाकोळ्या वर्षानुवर्षें कमी होत गेल्या, परंतु जिवंतांची संख्या मात्र वाढत होती. मेलेल्यांचे पंख इतरांहून लांब असत. आंखूड पंखांच्या पक्ष्याला झटकन् वर उडून मोटार चुकवितां येत असावी, असा त्यांनीं तर्क केला.

आतां ब्रिटनकडे वळूं. तेथें हेजहॉग नांवाचा, साळिंदराहून पुष्कळच लहान असा काटेरी प्राणी बागांतून वावरतो. संकट आलें कीं तो अंगाची गुंडाळी करून स्वस्थ बसतो. कोल्ह्यापुढें ही युक्ति चालते, चाकापुढें चालत नाहीं. २००१ सालापासून तेथील सामान्य नागरिक लांबच्या मोटारप्रवासांत दिसलेले मृत प्राणी नोंदवीत आले, आणि मैलागणिक आढळणारे हेजहॉग कमी होत गेल्याचें दिसून आलें. वरवर पाहणाऱ्यास हें सुचिन्ह वाटावें. परंतु बागांतील व शेतांतील स्वतंत्र निरीक्षणें जोडून पाहतां, निदान खेड्यापाड्यांत तरी हा प्राणीच नाहींसा होत चालल्याचें ठरलें. २०२० सालीं ब्रिटनमधील संकटग्रस्त सस्तन प्राण्यांच्या यादींत त्याचें नांव गेलें.

पाकोळ्यांचे बळी घटले ते त्या शहाण्या झाल्या म्हणून, किंवा निदान चपळ उरल्या म्हणून. हेजहॉगचे घटले ते तो उरला नाहीं म्हणून. आंकडा दोन्हीकडे एकाच दिशेनें उतरत होता. तेव्हां रस्ता निर्जीव प्राण्यांवांचून स्वच्छ दिसूं लागला, तर आनंद मानण्यापूर्वीं कुंपणापलीकडे डोकावून पाहिलें पाहिजे, आणि तेथें कोण जिवंत आहे हें मोजलें पाहिजे.