जुने कापड, नवी वाट

टेंभुर्णी हे मुळात एका झाडाचे नाव. त्या झाडाच्या पानात तंबाखू भरून सोलापुरातील हजारो स्त्रियांनी आयुष्यभर विड्या वळल्या आणि त्या मजुरीतून लेकरांच्या पाटी-पुस्तकांचा खर्च भागविला. त्याच नावाचे गाव सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात पुणे-सोलापूर महामार्गावर वसले आहे. येथून एक वाट कुर्डुवाडीवरून बार्शीकडे जाते, दुसरी पंढरीकडे. जवळच भीमेवरील उजनी धरणाचा विस्तीर्ण जलाशय आहे. १९८० साली हे धरण पूर्ण झाले. पाणी आले, पाण्यामागून ऊस आला, साखर कारखाने आले, औद्योगिक वसाहतही आली. परंतु त्या पाण्याखाली ज्यांच्या जमिनी गेल्या, किंवा कोयता घेऊन जे हंगामापुरते उसाच्या फडात येतात, त्यांच्या घरातील मुलामुलींच्या वाट्याला या समृद्धीचा किती अंश आला, हा प्रश्न कोणाही विचारी माणसाला अस्वस्थ करील.

अशा घरातील मुलगी बारावीला उत्तम गुणांनी उत्तीर्ण होते. पुढे पुण्याला किंवा सोलापूरला जायचे तर प्रवेशाचे शुल्क, वसतिगृहाची अनामत, एस.टी.चा पास आणि चार पुस्तके लागतात. रक्कम फार मोठी नसते. पण ती वेळेवर हाती नसते, आणि तेवढ्यासाठी एक आयुष्य वेगळ्याच वळणाला लागते. हे पैसे कोठून उभे करावेत? जगात अनेक ठिकाणी या प्रश्नाला एक साधे उत्तर सापडले आहे: घराघरांतील कपाटांतून. वापरलेले परंतु चांगले कपडे, भांडी, पुस्तके, सायकली एकत्र कराव्यात, त्यांचे एक दुकान मांडावे, अल्प किमतीत ती विकावीत आणि येणाऱ्या पैशांतून होतकरू मुलांना संधी द्यावी. ही कल्पना परदेशी वाटते. पण तिची मुळे आपल्या मातीतही आहेत. तो इतिहास थोडक्यात पाहण्याचा आमचा मानस आहे.

*

गरीब विद्यार्थ्याला समाजाने पोसण्याची महाराष्ट्रातील जुनी रीत म्हणजे माधुकरी आणि वार. आठवड्याचे सात वार सात घरी जेवायचे आणि मिळेल त्या ओसरीवर अभ्यास करायचा. या रीतीने अनेक विद्वान घडविले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु तिच्यात दोन उणिवा होत्या. एक तर ती बहुतांशी एकाच वर्णाच्या मुलांपुरती होती. दुसरे म्हणजे, घेणाऱ्याची मान तिच्यात सदैव खाली असे. ज्याच्या घरी वार, त्याच्या पाटावर मिंधेपणाने बसावे लागे.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ही रीत बदलू लागली. अंताजी दामोदर काळे या गृहस्थाने 'पैसा फंडा'ची कल्पना मांडली. प्रत्येकाने वर्षाला केवळ एक पैसा द्यावा आणि त्या पैशांतून देशी उद्योग उभे राहावेत, अशी ती साधी योजना होती. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले. १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. परदेशी जाऊन काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तेथे तरुणांना काचकाम शिकविले, आणि त्या हाताखाली तयार झालेले कारागीर देशातील अन्य कारखान्यांतही गेले. गोरगरिबांनी दिलेल्या तांब्याच्या पैशांचे रूपांतर तरुणांच्या हातातील हुन्नरात झाले! या विषयाचा गाभा येथेच आहे. जे एकट्याने दिल्यास क्षुल्लक ठरते, ते अनेकांनी दिल्यास आणि शहाणपणाने वापरल्यास एखाद्याच्या आयुष्याची शिदोरी होते.

त्यानंतरचा अध्याय कर्मवीर भाऊराव पाटील यांचा. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. पुढे साताऱ्यात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहतील, एकत्र जेवतील असे वसतिगृह त्यांनी चालविले. घराघरांतील स्त्रियांनी दळणकांडणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला ठेवावे आणि ते वसतिगृहाच्या मुलांसाठी द्यावे, असा 'मुष्टिफंड' त्यांनी उभा केला. वसतिगृहात धान्य संपले त्या कठीण समयी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा, मुलांच्या अन्नासाठी काढून दिले. ही हकीकत महाराष्ट्राने कधी विसरू नये.

मात्र लक्ष्मीबाईंच्या त्यागाइतकीच भाऊरावांची दुसरी शिकवण महत्त्वाची आहे. विद्यार्थ्याने फुकट खाऊ नये. शेतात खपावे, खडी फोडावी, आपल्या घामाने शिकावे, हे त्यांचे ब्रीद होते. 'कमवा आणि शिका' हे शब्द आज सर्वतोमुखी आहेत. त्यामागे घेणाऱ्याचा स्वाभिमान जपण्याची ही दृष्टी होती. सोलापूर जिल्ह्यातही हा वारसा आला. बार्शी येथे मामासाहेब जगदाळे यांनी १९३४ साली श्री शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळाची मुहूर्तमेढ रोवली आणि आसपासच्या खेड्यांतील शेतकऱ्यांच्या मुलांना शिक्षणाची दारे उघडली. पुण्यात १९५५ साली अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने विद्यार्थी साहाय्यक समिती स्थापन झाली. खेड्यातून शहरात शिकावयास येणाऱ्या मुलामुलींना माफक दरात निवारा आणि जेवण देण्याचे तिचे कार्य आजतागायत चालू आहे. पैसा फंड असो, मुष्टिफंड असो की वसतिगृह असो, या सर्वांनी वाराच्या पाटावरून विद्यार्थ्याला उठविले आणि स्वतःच्या पायावर उभे केले.

*

आता जुन्या वस्तूंकडे वळू. आपल्या घरात जुने कापड कधी वाया जात नसे. फाटलेल्या लुगड्याचे दुपटे, दुपट्याचे फडके, आणि उरलेल्या सर्व चिंध्यांची गोधडी होई. आजीच्या लुगड्याची ऊब नातवंडाला मिळे. सोलापूर जिल्हा तर कापडाचाच जिल्हा. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून घरोघरच्या मागांवरील चादरींपर्यंत येथील कित्येक पिढ्यांचे पोट सुतावर चालले. धोट्याच्या प्रत्येक खेपेमागे किती श्रम असतात हे ज्यांना ठाऊक होते, ते लोक कापड फेकून देत नसत.

जे घरात खपत नसे, ते बोहारणीकडे जाई. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन दारोदार फिरणारी ही स्त्री म्हणजे आपल्या समाजातील जुन्या कापडाची पहिली व्यापारी. चार साड्या आणि दोन विजारी यांच्या बदल्यात एक पातेले देताना तिची घासाघीस कशी चालते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ती नेलेले कपडे धुते, टाके घालते आणि जुन्या बाजारात विकते. नवे कपडे घेण्याची ऐपत नसलेला मजूर ते रोख पैसे मोजून घेतो आणि ताठ मानेने घालतो. त्याला कोणी दान केलेले नसते. जुन्या वस्तूला किंमत लावली की घेणाऱ्याची लाज जाते, हे तत्त्व बोहारणीने कोणत्याही ग्रंथाविना जाणले होते.

*

हेच तत्त्व परदेशी ख्रिस्ती सेवाकार्यातही सावकाश उमगत गेले. वस्त्रदान ही आपल्या श्रद्धेतील फार जुनी गोष्ट. यापो येथील तबीथा विधवांसाठी वस्त्रे शिवीत असे, हे प्रेषितांच्या कृत्यांत आपण वाचतो. संत मार्टिनने आपला अर्धा झगा कापून भिकाऱ्याला दिल्याची कथा आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. तो झगा एका रात्रीची थंडी निवारतो. परंतु दुसऱ्या दिवशी त्या माणसाचे काय?

१८३३ साली पॅरिस शहरात फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने हाच प्रश्न स्वतःला विचारला. आजची ख्रिस्तसभा गरिबांसाठी काय करते, असे विरोधकांनी त्याला वादसभेत छेडले होते. उत्तरादाखल त्याने मित्रांना बरोबर घेऊन सिस्टर रोझाली रांद्यू यांच्या मार्गदर्शनाखाली गरिबांच्या घरी जाण्यास आरंभ केला. आपल्या धर्मग्रामांतून सुपरिचित असलेली संत विन्सेंट डी पॉल सोसायटी ती हीच. ती स्थापन करणारे स्वतः विद्यार्थी होते, हे आपल्या तरुणांनी लक्षात ठेवावे. पुढे अमेरिका, ऑस्ट्रेलिया आदी देशांत या सोसायटीने जुन्या वस्तूंची दुकाने उघडली आणि त्यांच्या उत्पन्नावर सेवाकार्य चालविले. २२ ऑगस्ट १९९७ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी ओझानाम यांना पॅरिस येथे धन्यवादित घोषित केले.

साल्व्हेशन आर्मीचे संस्थापक विल्यम बूथ यांनी १८९० साली लंडनच्या दारिद्र्यावर ग्रंथ लिहिला. घराघरांतील टाकाऊ वस्तू गोळा करून त्यांवर बेकारांना काम द्यावे, अशी योजना त्यात होती. याहून पुढचे पाऊल टाकले ते बोस्टनचे मेथडिस्ट पाळक एडगर हेल्म्स यांनी. १९०२च्या सुमारास त्यांनी पोती घेऊन सुखवस्तू वस्तीतून जुने कपडे आणि सामान गोळा केले. बेकार स्थलांतरितांना मजुरी देऊन त्या वस्तू दुरुस्त करविल्या आणि अल्प किमतीत विकल्या. गरिबाला दानापेक्षा संधी हवी असते, हा त्यांचा विचार. त्यातून 'गुडविल' ही मोठी संस्था उभी राहिली. इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, ऑक्सफर्ड येथे दुष्काळनिवारणासाठी एक समिती स्थापन झाली. मदतीसाठी आलेल्या वस्तूंपैकी काही विकून पैसा उभा करावा म्हणून तिने त्याच शहरात दुकान काढले. 'ऑक्सफॅम' या नावाने आज ती जगाला ठाऊक आहे.

*

भारतात या विचाराला नवे रूप दिले ते अंशू गुप्ता यांनी. १९९९ साली दिल्लीत त्यांनी 'गूंज' ही संस्था सुरू केली. शहरातील जुने कपडे खेड्यात फुकट वाटण्याऐवजी, गावकऱ्यांनी स्वतःच्या गावासाठी विहीर, रस्ता, बांध असे काही काम करावे आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे घ्यावेत, अशी पद्धत त्यांनी घातली. शाळेतील मुलांना दप्तर आणि साहित्यही याच मार्गाने पोहोचते. २०१५ साली गुप्ता यांना मॅगसेसे पुरस्कार लाभला.

महाराष्ट्रात पुण्याचे उदाहरण अधिक जवळचे. १९९३ साली बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. उकिरड्यावर कागद वेचणाऱ्या स्त्रिया कामगार म्हणून संघटित झाल्या. पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. आज तीच संस्था पुण्यातील वसाहतींतून जुने कपडे, पुस्तके, सामानही गोळा करते. आईबरोबर कचरा वेचणारे मूल शाळेत जावे, ही या चळवळीची एक प्रमुख तळमळ राहिली आहे.

*

या इतिहासातून टेंभुर्णीसारख्या गावासाठी काय निष्पन्न होते? महामार्गावरील बाजारपेठेत एखादा गाळा, चार कपाटे आणि एक वही एवढ्यावर असे दुकान उभे राहू शकते. उसाच्या हंगामात आलेल्या कुटुंबाला थंडीत मुलांसाठी स्वेटर हवा असतो. औद्योगिक वसाहतीत नव्याने लागलेल्या कामगाराला बादली आणि पातेले हवे असते. त्यांना ते स्वस्तात मिळावे आणि त्या विक्रीतून गावच्या मुलीचे वसतिगृहाचे शुल्क भरले जावे. दुकानाची वही एखाद्या शिकणाऱ्या मुलानेच लिहावी, म्हणजे हिशेबाचे शिक्षण आणि दोन पैसे असे दोन्ही त्याच्या पदरी पडेल. भाऊरावांना हे नक्कीच रुचले असते.

मात्र असे दुकान तीन गोष्टींवर तरते किंवा बुडते. पहिली गोष्ट देणाऱ्याची. पुरात किंवा भूकंपात मदत म्हणून फाटके, मळके, बटणे तुटलेले कपडे पाठविण्याची एक खोड आपल्या समाजाला आहे. जे आपण आपल्या मुलाच्या अंगात घालणार नाही, ते दुसऱ्याच्या मुलासाठी देणे याला दान म्हणता येत नाही. तो आपल्या घराची साफसफाई करण्याचा मार्ग झाला. विधवेच्या दोन दमड्यांचे मोल प्रभूने अधिक मानले, ते त्या दमड्या तिच्या गरजेतून आल्या म्हणून.

दुसरी गोष्ट हिशेबाची. किती वस्तू आल्या, किती विकल्या, किती रक्कम कोणत्या कारणासाठी दिली, हे सर्वांसमोर वाचले गेले पाहिजे. मदत घेणाऱ्या मुलाचे नाव मात्र वाचू नये. त्याची मान ताठ राहावी म्हणूनच तर हा सारा खटाटोप.

तिसरी गोष्ट बोहारणीची, आणि ती सहसा कोणी बोलत नाही. आपण सत्कार्याच्या नावाने घरोघरचे कपडे गोळा करू लागलो, तर तिच्या पाटीत काय पडेल? एका गरिबाच्या मुलाला शिकविण्यासाठी दुसऱ्या गरिबाची भाकरी काढून घेणे हा न्याय नव्हे. तिच्याइतकी कापडाची पारख आपणांपैकी कोणाला आहे? निवड, टाके, किंमत ही कामे तिच्यासारख्या स्त्रियांकडे योग्य मजुरीवर सोपवावीत आणि तिची मुलेही या निधीच्या लाभात पहिली असावीत. पुण्याच्या कष्टकरी पंचायतीने असेच केले: जे हात आधीपासून या कामात होते, त्यांनाच तिने कामाचे मालक केले.

आगमनकाळ आला की आपल्या घरोघरी नाताळच्या नव्या कपड्यांची खरेदी सुरू होते आणि जुने कपडे पोटमाळ्यावर जातात. लग्नातील भरजरी साड्या एकदा नेसून घडीत राहतात. त्या घडीत कोणाची तरी पुण्याची एस.टी., कोणाचे तरी परिचारिकेचे शिक्षण, कोणाचा तरी पहिला संगणक अभ्यासक्रम मुडपून पडलेला आहे, असे आम्हांस वाटते. लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र दिले होते. आपल्याकडे मागितले जात आहे ते त्याहून पुष्कळ थोडे आहे. कपाट उघडावे, चांगले ते निवडावे, धुवावे, घडी घालावी आणि आदराने द्यावे.