हवेतला धंदा आणि जमिनीवरची माणसे

इतिहास म्हटला की राजेरजवाड्यांच्या लढाया आठवतात. पण कंपन्यांच्याही लढाया असतात, आणि त्यांतही आधी पडतो तो शिपाईच. ब्रिटनमधील अशी एक लढाई आज आपणांपुढे मांडावयाची आहे.

15 नोव्हेंबर 1998 रोजी तेथे ‘ऑनडिजिटल’ ही दूरचित्रवाणी सेवा सुरू झाली. मालक कार्लटन आणि ग्रॅनडा या दोन कंपन्या. उपग्रहाची तबकडी नको. छपरावरच्या जुन्याच अँटेनाला पेटी जोडा, दरमहा वर्गणी भरा आणि जादा वाहिन्या पहा, अशी योजना. कल्पना वाईट नव्हती. परंतु जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून जाणाऱ्या लहरींत जागा मोजकी. वाहिन्या थोड्याच मावत. उपग्रहावरून स्काय कंपनी कितीतरी अधिक देई. 1999 साली स्कायने पेट्या फुकट वाटल्या, तेव्हा हिलाही वाटाव्या लागल्या. कित्येक घरी चित्र धड दिसेना, आणि चोरट्या कार्डांवर फुकट पाहणारेही निघाले.

अंथरूण पाहून पाय पसरावे. पण या कंपनीने 2000 साली फुटबॉल लीगशी 3 वर्षांसाठी 31.5 कोटी पौंडांचा करार केला. 2001 साली ‘आयटीव्ही डिजिटल’ असे नवे नाव घेतले. नावाने का कुठे तोटा भरून निघतो? बारा लाखांवर वर्गणीदार असूनही 27 मार्च 2002 रोजी कंपनी प्रशासकांच्या हाती गेली.

क्लबांनी या पैशाच्या भरवशावर खेळाडूंचे पगार ठरवले होते. 17.85 कोटी पौंड येणे राहिले. लीग कोर्टात गेली. ऑगस्टमध्ये निकाल लागला की, मालक कंपन्यांवर बंधनकारक अशी हमीच नाही! साहेबाचा शब्द कितीही गोड असो, कागदावर सही घ्या, असे आम्ही युनियनवाले कामगारांना सांगतो, ते उगीच नव्हे. इकडे कंपनीच्या नोकरांचे रोजगार गेले आणि अनेक खेळाडूंचे करार संपताच त्यांना घरचा रस्ता दाखवला गेला.

त्याच लहरींवर 30 ऑक्टोबर 2002 रोजी बीबीसी, क्राउन कॅसल आणि स्काय यांनी ‘फ्रीव्ह्यू’ सुरू केली. वाहिन्या कमी, संदेश बळकट, पेटी एकदाच विकत घ्यावयाची, मासिक वर्गणी नाही. ती टिकली. जमिनीवरची हवा अरुंद असते. सर्वांसाठी असलेले तिच्यावर चालते, मासिक पट्टीचा भार तिला पेलत नाही.

हा हिशेब मालकांना आधी करता आला असता. तो न करण्याची किंमत मात्र ज्यांना कोणी विचारले नव्हते, त्यांनी भरली. नवा धंदा उभा राहताना टाळ्या जरूर वाजवा. पण बुडाला तर पगार कोण देणार, हेही त्याच दिवशी विचारा.