लिहिलेले हसू

हसताना आपल्या घशातून नेमके काय बाहेर पडते? अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी हसण्याचे ध्वनिमुद्रण तपासले. प्रत्येक 'हा' सुमारे १/१५ सेकंद टिकतो आणि दर १/५ सेकंदाने पुन्हा येतो, असे त्यांना आढळले. हे हसू लिहून काढण्याची रीत मात्र लिपीगणिक बदलते.

ही खटपट जुनी आहे. इ. स. १००० च्या सुमारास इंग्लंडमधील एल्फ्रिक या धर्मगुरूने लॅटिनचे व्याकरण लिहिले. 'हाहा' व 'हेहे' हे लॅटिन आणि इंग्रजीत हसण्याचे शब्द असल्याची नोंद त्यात आहे. आपल्या मराठीने तर खुदुखुदु, खदाखदा, फिदीफिदी असे प्रकारच पाडले!

संगणक आल्यावर ही गरज वाढली. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातले लोक संगणकावरच्या सूचनाफलकावर एकमेकांना लिहीत. खाली कोसळणाऱ्या लिफ्टमधल्या पाऱ्याच्या थेंबाचे काय होईल, असे कोडे तेथे निघाले. त्यावरून कोणी गमतीने लिहिले, की लिफ्टमध्ये पारा सांडला आहे. काहींना ते खरेच वाटले! तेव्हा १९ सप्टेंबर १९८२ रोजी स्कॉट फालमन यांनी सुचवले, की विनोदापुढे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस काढावा. आडवे पाहिले की हसरा चेहरा दिसतो.

पुढे प्रत्येक भाषेने आपापली वाट काढली. थाई भाषेत पाचाला 'हा' म्हणतात, म्हणून तेथे ५५५ लिहिले की हसू झाले. चिनी भाषेत पाच म्हणजे 'वू'. तेथे हेच आकडे हुंदके ठरतात! जपानीत हसण्याला 'वाराई' म्हणतात. त्याचे रोमन आद्याक्षर 'डब्ल्यू' लोक ओळीने टंकू लागले. ती ओळ गवताच्या पात्यांसारखी दिसते, म्हणून 'गवत' या शब्दाचाच अर्थ हसू झाला.

या साऱ्या खुणांमागे एकच अडचण आहे. अक्षरांना आवाज नसतो. मुलांच्या वहीत आपण सहज शेरा मारतो, 'वा, काय अक्षर आहे!' लिहिताना आपण हसत असतो. घरी वही उघडणाऱ्या मुलाला ते हसू दिसत नाही. हाच शेरा वर्गात वाचायला द्या आणि त्याचा अर्थ मुलांना विचारा. उत्तरे ऐकून आपणच पुढचा शेरा जपून लिहू.