जबडा कुठून येतो? नाकारलेल्या शोधाची शंभर वर्षे (धागा)

१८९३ साली ज्युलिया प्लॅट या अमेरिकी संशोधिकेने एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध केला. नेक्टुरस या सॅलमँडरच्या गर्भाचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्यांनी म्हटले, की डोक्यातील कूर्चा गर्भाच्या बाह्यस्तरापासून बनते.

आज हे विधान निरुपद्रवी वाटते. तेव्हा ते पाखंड होते. गर्भाच्या तीन स्तरांची कामे गावगाड्यातल्या बलुत्यांसारखी वाटून दिलेली होती. बाह्यस्तराकडे त्वचा आणि मज्जासंस्था, मध्यस्तराकडे हाडे आणि स्नायू. बाह्यस्तराने कूर्चा घडवावी, हे बहुतेक विद्वानांना रुचणारे नव्हते.

प्लॅटबाईंनी १८९८ मध्ये फ्रायबुर्गहून डॉक्टरेट मिळवली, पण विद्यापीठात जागा काही मिळाली नाही. त्या कॅलिफोर्नियातील पॅसिफिक ग्रोव्ह येथे स्थायिक झाल्या आणि सत्तरी ओलांडल्यावर, १९३१ मध्ये, तिथल्या महापौर झाल्या. (गर्भविज्ञानाचे नुकसान, नगराचा लाभ!) १९३५ मध्ये त्यांचे निधन झाले.

पुढे स्वीडनच्या हर्स्टाडियस यांचे उभयचरांवरील प्रयोग आणि १९६९ पासून फ्रान्सच्या निकोल ल दुआरँ यांनी कोंबडीच्या गर्भात लावा पक्ष्याच्या पेशी रोवून केलेले प्रयोग यांनी प्लॅटबाईंना खरे ठरवले. बाह्यस्तरातून निघणाऱ्या ‘न्यूरल क्रेस्ट’ पेशी प्रवास करीत जातात आणि जबडा, चेहऱ्याची हाडे घडवतात.

पण या पेशींना आवर कोण घालतो?

योगायोग पाहा: १९९३ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रवकुन यांच्या गटांनी एका गोलकृमीतील लिन-४ या जनुकाविषयी निबंध प्रसिद्ध केले. या जनुकातून प्रथिन बनतच नव्हते. बनत होता सुमारे २२ अक्षरांचा आरएनएचा तुकडा, जो दुसऱ्या जनुकाचा आवाज दाबत असे. कृमीचे वैचित्र्य म्हणून त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. २००० मध्ये तसाच लेट-७ हा तुकडा माणसातही सापडला, तेव्हा डोळे उघडले. २००१ मध्ये ‘मायक्रोआरएनए’ हे नाव रूढ झाले. नोबेल मिळाले २०२४ मध्ये.

आता दोन्ही धागे जुळतात. मायक्रोआरएनए कातरून तयार करणारे डायसर हे विकर उंदराच्या न्यूरल क्रेस्ट पेशींतून काढले, तर पेशी मुक्कामी पोहोचतात, पण पुढे मरतात. चेहऱ्याची बहुतांश हाडे घडतच नाहीत. २००८ मध्ये झेब्राफिशमध्ये मिर-१४० या एकाच मायक्रोआरएनएचे काम उलगडले. टाळूकडे पेशींना बोलावणारा एक रासायनिक संकेत असतो. तो ऐकणाऱ्या ग्राहकाला मिर-१४० लगाम घालतो. लगाम जास्त ओढला गेला, की पेशी वाटेतच थबकतात आणि टाळू दुभंगते.

आणि २०१९ मध्ये दिसून आले, की माणसाच्या मिर-१४० मधले एकच अक्षर बदलल्याने सांगाड्याचा जन्मजात विकार होऊ शकतो.