जास्त जीबीवाला प्लेअर का हरला?

आज एक छोटा खेळ खेळूया. दोन म्युझिक प्लेअर आहेत, नावं नंतर सांगतो.

पहिल्यात ६ जीबीची डिस्क आहे. बाहेरचा आवाज रेकॉर्ड करता येतो. विंडोजवर चालतो. दुसऱ्यात ५ जीबी. रेकॉर्डिंग नाही, रेडिओ नाही, आणि चालतो फक्त मॅकवर. किंमत ३९९ डॉलर.

कुठला घ्याल? कागदावर बघितलं तर पहिलाच, नाही का? पहिला होता क्रिएटिव्ह कंपनीचा नोमॅड ज्यूकबॉक्स, साल २०००. दुसरा होता ॲपलचा पहिला आयपॉड, २३ ऑक्टोबर २००१ ला आलेला. त्या वेळी स्लॅशडॉट या तंत्रज्ञानाच्या साइटचे संस्थापक रॉब माल्डा यांनी आयपॉडला दोन ओळींत निकालात काढलं होतं: वायरलेस नाही, जागा नोमॅडपेक्षा कमी, दम नाही. या वाक्यावर लोक आजही हसतात. पण मी इंजिनिअर आहे, मला आकडे आवडतात, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मीही हेच लिहिलं असतं. कारण त्यांचे आकडे बरोबरच होते. गडबड वेगळीकडे होती.

जरा गणित करू. नोमॅड कॉम्प्युटरला जोडायचा यूएसबी १.१ ने. तिचा कमाल वेग सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे दीड मेगाबाइट. ६ जीबी भरायला किती वेळ? ६००० भागिले दीड, ४००० सेकंद. एक तास सात मिनिटं, तीही सगळं आदर्श चाललं तर. प्रत्यक्षात त्याहून जास्तच. आयपॉडला होतं फायरवायर, कमाल वेग ४०० मेगाबिट. डिस्क तेवढी वेगवान नव्हती, तरी हजार गाणी दहा मिनिटांत जातात असं ॲपल सांगायची.

म्हणजे बघा, तक्त्यात ‘६ जीबी’ लिहिलेलं असतं, पण ते सहा जीबी भरायला लागणाऱ्या तासाभराचा रकानाच नसतो.

आकाराचंही तेच. नोमॅडमध्ये लॅपटॉपची अडीच इंची डिस्क होती, त्यामुळे तो सीडी प्लेअरएवढा झाला. ॲपलच्या जॉन रुबिन्स्टाइन यांना जपानमध्ये तोशिबाची नवी १.८ इंची डिस्क दिसली आणि आयपॉड खिशात मावला. वजन साधारण १८५ ग्रॅम. शिवाय गाणी आधी ३२ एमबी मेमरीत घ्यायची आणि डिस्क थांबवायची, अशी युक्ती केली. डिस्क सतत फिरत नाही म्हणून बॅटरी दहा तास, आणि चालताना धक्का बसला तरी गाणं अडखळत नाही. हजार गाण्यांतून एक शोधायला बटण दाबत बसायचं नाही, चाक फिरवायचं.

हे पहिल्यांदाच घडत नव्हतं. १९७९ मध्ये सोनीने वॉकमन आणला तो पत्रकारांसाठीच्या प्रेसमन या छोट्या रेकॉर्डरवरून. त्यातलं रेकॉर्डिंग आणि स्पीकर काढून टाकले, स्टिरिओ आवाज आणि हलके हेडफोन दिले. रेकॉर्ड न करणारा टेपरेकॉर्डर घेणार कोण, अशी शंका होतीच. ३० हजार नग बनवले, पहिल्या महिन्यात जेमतेम ३ हजार खपले. ऑगस्टअखेर सगळे संपले. गंमत म्हणजे त्यात एक नारिंगी ‘हॉटलाइन’ बटण होतं. ते दाबलं की दोन हेडफोनवाल्यांना गाणं न थांबवता एकमेकांशी बोलता यायचं. पुढे ते गेलं. बनवणाऱ्यांनाही कुठलं फीचर टिकेल ते कळलं नव्हतं.

मग ‘कमी फीचर म्हणजे भारी’ असं म्हणायचं का? नाही! इथेच आपण इतिहास सोपा करून टाकतो. टीकाकारांचा एक मुद्दा पक्का होता. बहुतेक लोक विंडोजवर होते आणि आयपॉड त्यांच्या कामाचा नव्हता. २००१ संपेपर्यंत साधारण सव्वा लाखच विकले गेले. विंडोजवर चालणारा आयपॉड २००२ मध्ये आला, गाण्यांचं ऑनलाइन दुकान २००३ मध्ये, आणि मग खरी लाट आली. म्हणजे ती उणीव खरी होती, म्हणूनच ती भरून काढावी लागली.

मला यातून एक सवय लागली. तक्त्यातल्या प्रत्येक आकड्याला मी विचारतो, ‘वापरताना याचं काय होतं?’ इअरबड्सच्या खोक्यावर ‘४० तास’ लिहिलंय? केस धरून की कानात? ट्रेनमध्ये एका हाताने आवाज कमी करता येतो? दोन वर्षांनी बॅटरी बसली तर बदलून मिळते?

पुढच्या खरेदीच्या वेळी तक्ता नक्की बघा. फक्त त्यात नसलेला एक रकाना स्वतः लिहा, आणि तो काय होता ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!