वक्ररेषेवरील समान पावलें

सरळ भिंतीवर समान अंतरानें खुंट्या बसवावयाच्या असल्यास सुताराला एक दोरी पुरते. भिंत वांकडी असली तरी दोरी तिच्यावर लावून पाहतां येते. परंतु दोरी लावावयास वस्तु तयार असावी लागते; आराखडा करणाऱ्यापुढें वस्तु नसते, केवळ रेषा असते. तेथें मोजणीचें काम गणितालाच करावें लागतें.

वर्तुळापुरता हा प्रश्न सोपा आहे. केंद्रापासून समान कोन काढले कीं परिघाचे समान भाग पडतात. इ.स. ८० मध्यें खुलें झालेलें रोमचें कलोसियम मात्र अंडाकृति आहे. त्याची लांबी सुमारें १८८ मीटर व रुंदी १५६ मीटर असून तळमजल्याच्या घेरावर ८० कमानी आहेत. मध्यापासून समान कोन टाकले असते, तर दोन्ही टोकांकडील कमानी रुंद आणि बाजूंच्या अरुंद झाल्या असत्या.

मग वक्ररेषेची लांबी अचूक कळावी कशी? इ.स. १६३७ मध्यें फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त ह्यानें निर्वाळा दिला कीं, सरळ व वक्र रेषांचें परस्पर प्रमाण मानवी बुद्धीला कळणें शक्य नाहीं. त्याच वर्षीं इंग्लंडांत विल्यम नील जन्मला. वीस वर्षांनीं, १६५७ मध्यें, ह्याच तरुणानें एका बीजगणितीय वक्ररेषेची लांबी अचूक काढून दाखविली! पुढल्याच वर्षीं ख्रिस्तोफर रेन ह्यानें सिद्ध केलें कीं, चाक एकदां फिरतांना त्याच्या धांवेवरील बिंदु जी कमान काढतो, तिची लांबी चाकाच्या व्यासाच्या बरोबर चौपट असते.

तथापि देकार्तचें म्हणणें सर्वस्वी फोल ठरलें नाहीं. लंबवर्तुळाच्या कंसाची लांबी नेहमींच्या सूत्रांत मांडतां येत नाहीं, हें लिऊव्हिलनें एकोणिसाव्या शतकांत सिद्ध केलें.

विसाव्या शतकांत हा प्रश्न कारखान्यांत आला. मोटारींच्या वळणदार अंगांसाठीं सित्रोएनमध्यें द कास्तेलजो ह्यांनीं १९५९ मध्यें, व नंतर रनोमध्यें बेझ्ये ह्यांनीं, वक्ररेषा गणितानें मांडल्या. अशा रेषेवरील बिंदु शून्यापासून एकपर्यंत वाढणाऱ्या एका चल संख्येनें, म्हणजे प्राचलानें, ठरतो. १९६३ मध्यें सदरलंडच्या ‘स्केचपॅड’नें आकृतीच्या भागांतील संबंध संगणकाकडून पाळवून घेतले, १९८८ मध्यें ‘प्रो-इंजिनियर’ ह्या कार्यक्रमानें प्राचलांवर उभारलेली घनाकृति कारखान्यांना दिली. एक छिद्र आंखावें, मार्ग व संख्या सांगावी, कीं बाकीचीं छिद्रें वळणावर आपोआप उमटतात. मार्ग बदलला तर तींही सरकतात.

पण येथेंच जुना पेंच पुनः उभा राहतो. आडवें अंतर प्राचलाइतकें व उंची त्याच्या वर्गाइतकी धरून रेषा काढली, तर प्राचल अर्ध्यावर येतो तेव्हां एकूण लांबीपैकीं शेंकडा ३९ भागच चालून झालेला असतो. प्राचलाचीं पावलें समान असलीं तरी वाटेवरचीं समान नसतात. म्हणून समान अंतर हवें असल्यास संगणक रेषेचे बारीक तुकडे करून त्यांच्या लांबीची बेरीज करतो, आणि मगच छिद्राची जागा ठरवितो.

प्रत्येक वक्ररेषेला सुटसुटीत सूत्र मिळत नाहीं, हें खरें. परंतु हवें तितकें सूक्ष्म उत्तर मिळवितां येतें. देकार्तनें बंद मानलेलें दार असें उघडलें आहे.