पटाबाहेरचा गोलकीपर

२०२२ च्या मार्चात नातवानं मला जळगावला नेऊन ‘झुंड’ सिनेमा दाखवला. नागराज मंजुळेंचा सिनेमा. त्यात अमिताभ बच्चन फुटबॉलचे मास्तर झालेत. नातू अमिताभ बघत होता, मी भिंतीपलीकडची पोरं बघत होतो.

खरे मास्तर म्हणजे विजय बारसे, नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक. २००१ साली भर पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली लाथाडताना त्यांना दिसली. त्यांनी त्या पोरांना बॉल दिला. त्यातूनच झोपडपट्टी फुटबॉल उभं राहिलं, पुढं त्याला ‘स्लम सॉकर’ म्हणू लागले. २०१८ साली फिफानंही त्या कामाला पुरस्कार दिला. पण मला पुरस्कारापेक्षा तो पहिला बॉल मोठा वाटतो. कॉलेजच्या मास्तराला पगार मिळतो पटावरच्या पोरांसाठी. बारशांनी बॉल पटाबाहेर टाकला. आणि १९७७ साली मी पटाबाहेरच उभा होतो.

त्याच्या आदल्या वर्षी मी दहावी झालो. घरी सहा एकर कोरडवाहू, आबांचे गुडघे गेलेले, म्हणून शाळेचं दप्तर खुंटीला टांगलं ते टांगलंच. आमच्या भागातल्या एका कॉलेजात मी सकाळी होस्टेलला दूध घालायचो. कॉलेजची फुटबॉलची टीम होती, म्हणजे नावाला होती. गुळाच्या खड्याला मुंगळे लागावेत तशी अकराच्या अकरा पोरं बॉलमागं पळायची. वरसालच्या सामन्यात त्यांनी सात गोल खाल्ले होते.

त्या जूनमध्ये नवे क्रीडाशिक्षक आले. कोल्हापूरकडचे. तिकडं कुस्तीच्या तालमींचेच फुटबॉल संघ असतात आणि पेठांपेठांत त्यावरून भांडणं होतात, हे आम्ही त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं. सरांनी पंधरा दिवस बॉल कपाटातून काढलाच नाही. नुसतं पळवलं. दोन पोरं सोडून गेली. मग मैदानावर फक्कीनं चौकोन आखले, ज्याचा त्याचा चौकोन ठरवला आणि सांगितलं, “बॉल पायाशी ठेवायचा नाही, द्यायचा. ठेवायला ती काय बापजाद्यांची जमीन आहे?” पोरं हसली, पण चौकोनात राहायला शिकली.

सर पोरांबरोबर मातीत बसून भाकरी खायचे. गावातले एक म्हातारे गुरुजी म्हणाले, “हा आपला आउटरामच.” मला काही कळलं नाही, तेव्हा त्यांनी सांगितलं. १८२५ साली इंग्रजांनी भिल्लांची पलटण उभी केली, तिचं ठाणं आपलं धरणगाव. जेम्स आउटराम तेव्हा बावीस वर्षांचा. भिल्लांबरोबर शिकारीला जायचा, त्यांच्यात पहारा न ठेवता राहायचा, त्यातून विश्वास बसला आणि पलटण झाली. गुरुजींना त्याचं कौतुक होतं, मला तेवढं नाही. ती पलटण उभी केली भिल्लांनाच भिल्लांवर घालायला. आमच्या सरांना आमच्याकडून असं काही काढून घ्यायचं नव्हतं.

सरावाला गोलात उभं राहायला कुणी तयार नसे. एकदा दुधाची किटली ठेवून मीच उभा राहिलो. गाडीवरून फेकलेली पोती झेलायची हातांना सवय होती, बॉल त्यापेक्षा हलका. सर दुसऱ्या दिवशी म्हणाले, “किटली लांब ठेव, फुटेल.” बस, तेवढंच. मग दोन महिने मी रोज उभा राहिलो.

भुसावळच्या रेल्वेच्या पोरांशी साधा सामना झाला, त्यात पटाचा प्रश्न नव्हता. ती पोरं बूट घालून खेळायची, आमच्यातले निम्मे अनवाणी. आम्ही हरलो, पण एकाच गोलनं. परतीच्या पॅसेंजरमध्ये आमची पोरं जिंकल्यासारखी गात होती.

खऱ्या स्पर्धेला मात्र कॉलेजात नाव पाहिजे. तेव्हा खान्देशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाखाली होती. आपलं विद्यापीठ जळगावला झालं १९९० साली. स्पर्धा पार नाशिकला. सर सायकलवर आमच्या घरी आले. म्हणाले, “काका, उशिराचा अर्ज करतो, याचं नाव अकरावीला घालू. फी मी भरतो.” आबांनी त्यांना पाट दिला, चहा दिला, आणि म्हणाले, “फी तुम्ही भरशात, पन औत कोन हाकी?” सरांकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडंही नव्हतं. आबांवर मी राग धरला, पुष्कळ वर्षं धरला. आता वाटतं, गुडघे त्यांचे गेले होते, हे मी जमेला धरलंच नव्हतं.

टीम गेली तेव्हा आमची कपाशीची पहिली वेचणी चालू होती. पहिला सामना जिंकले. दुसऱ्यात हरले. दूध घालायला गेलो तेव्हा होस्टेलच्या पोरांनी सगळं सांगितलं. गोलात उभ्या केलेल्या पोराच्या हातातून बॉल दोनदा निसटला होता. त्याला कुणी बोललं नाही, सरांनी बोलू दिलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात सरांची बदली झाली.

त्या दिवशी संध्याकाळी शेतात आम्ही पोती भरत होतो. आबांनी खाली बघतच विचारलं, “कितला गोलघाई हारनात?”

“दोन.”

ते कापूस दाबत राहिले. मग म्हणाले, “तू ऱ्हाता ते?”

मी दाभण घेतलं आणि पोत्याचं तोंड शिवायला बसलो.